बदक फळी का चढत नाही?

(सातपूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती काढली असून भाषा शक्यतो बोलली तशीच ठेवली आहे. प्रश्नोत्तरांतील काही भाग शेवटी दिला आहे.)

विषय वाचून बाहेर दोघा-तिघांनी मला विचारलं की बदकाला खुराड्यात चढवायचं, यावर तासभर काय बोलणार? ज्यांच्याकडे बदकं आहेत त्यांनी मात्र हा प्रश्न विचारला नाही. संध्याकाळचे सात वाजलेले असतात, अंधार पडायला लागलेला असतो. चार बदकं आत गेलेली, पाचवं फळीच्या टोकाशी उभं. मान वर करतं, खाली करतं, एक पाय ठेवतं, काढून घेतं. आपण मागून हुसकावलं की अंगणभर पळतं. अर्धा तास हा खेळ झाला की घरातलं कुणीतरी म्हणतं, "राहू दे एक रात्र बाहेर, काय होतंय." काय होतं ते सकाळी पिसांवरून कळतं.

सातपूरला रान नाही, एमआयडीसी आहे, असं आपण म्हणतो. पण नासर्डीच्या काठाने, कंपन्यांच्या कंपाउंडच्या मागे, मोकळ्या प्लॉटवरच्या गवतात मुंगूस आहे, रानमांजर आहे. घुशी तर घरोघर आहेत. भटक्या कुत्र्यांबद्दल मी बोलायला नको आणि बिबट्या नाशिक शहरात येतो हे तुम्हीच मला सांगाल. रात्री बाहेर राहिलेलं बदक या सगळ्यांच्या वाट्याचं आहे. उडून झाडावर बसणं त्याला जमत नाही, आणि अंगणातल्या टबाला काही तळं म्हणत नाहीत. म्हणून ते आत गेलंच पाहिजे. प्रश्न फक्त इतकाच आहे की ते जात का नाही.

लोक म्हणतात, बदक मूर्ख असतं. मी याच्याशी सहमत नाही. बदकाच्या बाजूने एकदा पाहिलं तर त्याचं वागणं अगदी शहाणपणाचं दिसतं.

आधी कोंबडी घ्या. कोंबडीची मूळ जात म्हणजे तांबडी रानकोंबडी. ती दिवसभर जमिनीवर चरते आणि दिवस मावळला की झाडावर चढून बसते. हजारो वर्षं माणसाजवळ राहूनही ही सवय गेलेली नाही. उजेड कमी झाला की कोंबडीला वर जावंसं वाटतं. तिची बोटं फांदी धरतात, ती बसली की पाय दुमडतो आणि पायातल्या शिरा ताणून बोटं आपोआप आवळली जातात. म्हणून कोंबडीला तुम्ही शिडी दिली तरी ती चढते. तिला खुराड्यात घालावं लागत नाही, ती स्वतःच जाते. आपण फक्त दार लावतो.

बदकाचं घराणं वेगळं. आपली बहुतेक पाळीव बदकं, म्हणजे पांढरी पेकिन, खाकी कॅम्पबेल, उभ्या चालीची इंडियन रनर, ही सगळी मॅलर्ड नावाच्या हिरव्या डोक्याच्या रानबदकापासून आलेली आहेत. हे बदक रात्र काढतं पाण्यावर, नाहीतर काठावरच्या उघड्या जागेत, चार बाजूंचं दिसेल अशा ठिकाणी. १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये या मॅलर्ड बदकांच्या झोपेवरचा एक अभ्यास आला होता. बदकं ओळीने झोपली की ओळीच्या टोकाची बदकं एक डोळा उघडा ठेवून झोपतात, आणि तो उघडा डोळा बहुतेक वेळ बाहेरच्या बाजूचा असतो. मेंदूचा एक भाग झोपलेला, एक जागा. म्हणजे झोपतानासुद्धा ज्याला बाहेर बघायचं आहे, अशा पक्ष्याला आपण सांगतो की या काळोख्या पेटीत जा, जिथून काहीच दिसत नाही. आणि त्यासाठी आधी एका हलणाऱ्या फळीवरून वर चढ. त्याच्या जागी मी असतो तर मीही विचार केला असता. (हशा)

त्यात संध्याकाळी बदकाला घाई नसते. अंधारात त्याला बऱ्यापैकी दिसतं, रात्री ते जागतं, खातं. कोंबडीसारखं ‘अंधार झाला, घरी चला’ हे त्याच्या डोक्यात नाही. केरळात, आंध्रात, तमिळनाडूत भाताच्या खाचरांतून हजार-हजार बदकं चारणारे लोक आहेत. ते संध्याकाळी बदकांची वाट बघत बसत नाहीत, लांब काठी घेऊन हाकून आणतात. आणि आणतात कुठे, तर जमिनीवरच्या कुंपणात. वर चढवण्याचा प्रश्नच तिथे येत नाही.

आता पायांकडे या. बदकाचे पाय पोहण्यासाठी आहेत. होडीचं वल्हं मागे असतं तसे ते शरीराच्या मागच्या बाजूला आणि एकमेकांपासून लांब बसवलेले आहेत. मांडी जवळजवळ आडवी आणि पिसांत लपलेली. आपल्याला जो गुडघा वाटतो आणि ‘उलटा वाकतो’ म्हणून मुलं हसतात, तो खरं तर घोटा आहे. प्रत्येक पावलाला सगळा भार एका पायावर घ्यायचा तर अंग त्या बाजूला झुकवावं लागतं, म्हणून ते डुलत चालतं. पुढच्या तीन बोटांत पडदा असल्यामुळे ती बोटं फांदी धरू शकत नाहीत. तळवा सपाट आणि ओला असला की घसरणारा.

असं बदक चढावर आलं की काय होतं? चढ थोडा असेल तर ते मान पुढे काढून भार पुढे घेतं आणि चालतं. चढ फार असेल तर छाती फळीला टेकते, पाय मागे घसरतात, आणि एकदा घसरलं की ते बदक ती फळी विसरत नाही. उतरताना आणखी वाईट. भार सगळा पुढे पडतो, पडद्याचे पाय घसरतात, मग ते मधूनच उडी मारतं. खाकी कॅम्पबेल साधारण दोन किलोचं, ते सावरतं. पेकिन तीन-चार किलोचं, त्याच्या पायांना रोजची उडी सोसत नाही. लंगडणं तिथून सुरू होतं.

आता आपल्याकडे काय मिळतं ते बघू. सातपूरमध्ये अँगल वेल्डिंग करून खुराडी बनवून देणारे पुष्कळ आहेत. काम सुबक असतं, त्यात शंका नाही. पण ती बनवलेली असतात कोंबड्यांसाठी. दोन फूट उंच पाय आणि पुढे तीन फुटांची फळी. सेंटिमीटरमध्ये बोलायचं तर ६० उंची आणि ९० लांबीची फळी. याचा कोन निघतो ४२ अंशांच्या आसपास. घरातला जिना साधारण ३०–३५ अंशांचा असतो. म्हणजे आपण बदकाला आपल्या जिन्यापेक्षा उभ्या चढावर, पायऱ्यांशिवाय चढायला सांगतोय. व्हीलचेअरसाठीचा रॅम्प एकास बारा असावा लागतो, म्हणजे पाच अंशांहून कमी. बदकाला तितकं नको. त्याला एकास तीन पुरतो, म्हणजे १८ अंश. एकास चार मिळाला तर फारच छान. एकास तीनचा सोपा अर्थ असा की जितकी उंची, त्याच्या तिप्पट जागा जमिनीवर हवी.

माझं सरळ मत सांगू? बदकासाठी खुराडं इतकं उंच लागतच नाही. एक विटेचा ओटा, त्यावर खुराडं, झालं. ज्याच्याकडे अँगलचं खुराडं आहे त्याने आधी वेल्डरला विचारावं की पाय कापून किती कमी करता येतील. दहा मिनिटांचं काम असतं. आपण फळीवर डोकं चालवत बसतो आणि पाय कापायचं सुचत नाही. (हशा)

पण प्रत्येकाला ते शक्य नसतं. काहींच्या अंगणात पावसाळ्यात पाणी साचतं. काहींनी घुशींसाठी मुद्दाम वर घेतलेलं असतं. काहींचं एकच खुराडं आहे, वर कोंबड्या आणि खाली बदकं. किंवा जागा भाड्याची आणि खुराडं घरमालकाचं. तर अशांसाठी पुढचं.

साठ सेंटिमीटर उंचीला एकास तीनने १८० सेंटिमीटर जागा हवी आणि फळी १९० ची. रो-हाउसच्या मागच्या पट्टीत एवढी लांब फळी ठेवली तर माणसाला चालायला जागा उरत नाही. मग काय करायचं? अर्धी उंची जमिनीने भरून काढायची. एक-दोन घमेली नव्हे, चांगला मुरूम टाकून, पाणी मारून, ठोकून खुराड्यासमोर ३० सेंटिमीटरचा पसरट उंचवटा करायचा. वरचा भाग सपाट, कडा चारी बाजूंनी उतरत्या. बदकाला हा उंचवटा म्हणजे नदीचा काठ वाटतो, त्यावर ते कुठूनही चढतं. आणि आता उरली ३० सेंटिमीटर. तीच जुनी ९० ची फळी त्यावर टेकवली की कोन होतो १९–२० अंशांचा. फळी तीच, खुराडं तेच, मधे फक्त मुरूम आला.

हे मी थोडं रेंगाळून सांगतोय, कारण सगळी गुरुकिल्ली इथे आहे. बदकाच्या आयुष्यात अरुंद, हवेत टांगलेली, पायाखाली आवाज करणारी वाट कधी आलेलीच नाही. काठ मात्र रोज आलेला आहे. निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला जा. २०२० च्या सुरुवातीला ते रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथे हळदी-कुंकू बदक बघा. चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे ठिपके, म्हणून हे नाव. ते पाण्यातून बाहेर येताना कसं येतं ते बघा. उभी कड टाळतं, जिथे चिखल पसरून उतरलाय तिथून येतं, आणि बहुधा दोघं-तिघं शेजारी-शेजारी. तेव्हा फळी बनवताना नक्कल या काठाची करायची, शिडीची नाही.

म्हणून रुंदी. कोंबडीच्या फळीला २० सेंटिमीटर पुरतात. बदकाला ४० तरी द्या. दोन बदकं बरोबर चढतील एवढी रुंदी असली की घाबरट बदक धीट बदकाच्या आडोशाने वर जातं. दोन्ही कडांना दहा-बारा सेंटिमीटरची उभी पट्टी मारा, म्हणजे खालची पोकळी दिसत नाही आणि पायही बाहेर जात नाही.

आडव्या रिपा माराव्यात, पण उंच नको. एक ते दीड सेंटिमीटर जाडी, आणि दर आठ-दहा सेंटिमीटरला एक. मोठ्या रिपेला पडदा अडकतो, बदक तोंडावर पडतं. वरची धार पॉलिश पेपरने मोडा. खिळ्याचं टोक वर राहता कामा नये. पायाच्या तळव्याला बारीकशी जखम झाली की त्यात पू धरून गाठ होते, आणि ती बरी करायला महिने लागतात. याच कारणासाठी उघडी तारेची जाळी फळीवर नको.

पृष्ठभागाला गोणपाट किंवा काथ्याची चटई उत्तम. पण जून ते सप्टेंबर ती ओली राहते, तिच्यावर शेवाळ आणि बुरशी येते, म्हणून पावसाळ्यात दोन ठेवाव्यात, एक वाळत आणि एक वापरात. कंपनीतून सुटलेला जुना कन्व्हेअर बेल्टचा रबरी तुकडा मिळाला तर त्याहून चांगलं, खडबडीत बाजू वर करून लावायचा. चेकर प्लेट मात्र नको. एमआयडीसीत ती सहज मिळते, म्हणून लोक ती लावतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिच्यावर हात ठेवून बघा. रबरही उन्हात तापतं, त्याच्यावर सावली हवीच, पण पत्रा त्याहून चटकन चटका देतो.

पॅलेटचं लाकूड वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेलं आहे, घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, सोडून द्या. रसायन किंवा तेल सांडल्याचा डाग असेल तर शिक्का कुठलाही असो, नको.

आता वरचं टोक. फळी थेट दारात संपली तर बदकाला अर्धं अंग चढावर ठेवून काळोखात डोकं घालावं लागतं. दारापुढे हात-दीड हात सपाट ओटा द्या. तिथे ते थांबतं, वाकून आत बघतं, मागच्यांची वाट बघतं, मग जातं. ओट्याला आणि दाराला मधे फट नको. फळीच्या खालच्या टोकाला एक वीट गाडून तिला टेकवा. फळी हलली की सगळं केलेलं वाया. आणि आत उजेड. बाहेर अंधार आणि आत अंधार असेल तर ते बाहेरचा अंधार निवडतं, कारण तो त्याच्या ओळखीचा आहे. एक छोटा पिवळा दिवा अर्धा तास आत लावा, बाहेरचा घालवा. सगळी गेली की आतला बंद करा.

इतकं केलं की पुष्कळ बदकं दोन दिवसांत चढतात. जी चढत नाहीत, त्यांना शिकवायचं कसं?

फळी आधी जमिनीवर सपाट ठेवा. खुराड्यापासून दूर. तिच्यावर भिजवलेला कोंडा, मटाराचे दाणे टाका. बदक मटारासाठी बरंच काही करायला तयार असतं. तीन-चार दिवस ती फळी म्हणजे फक्त जेवायची जागा. मग एका टोकाखाली एक वीट, आडवी. दोन दिवसांनी दुसरी. कुठल्या टप्प्यावर ती थांबली तर एक वीट काढा, पुढे ढकलू नका. उंची पूर्ण झाली की मग फळी खुराड्याला लावायची. तोवर काय, तर तोवर उचलून ठेवायचं, रोज.

उचलण्याबद्दल एक सांगतो, कारण इथे खरी इजा होते. कोंबडी पाय धरून उलटी लटकवतात तसं बदकाला कधीही करू नका. कोंबडीलाही करू नये, पण बदकाचा पाय अंगाच्या मानाने बारीक आणि वजन जास्त. पाय मोडतो किंवा निखळतो. दोन्ही पंख अंगाशी दाबून, दोन्ही हातांनी छाती-पोटाखालून धरायचं, कुशीत घ्यायचं, पाय तळहातावर टेकू द्यायचे. पाय टेकले की ते झटापट सोडतं.

हाकताना दोन माणसं असली तर छान, नसली तर दोन लांब बांबूच्या काठ्या. काठी म्हणजे मारायला नाही. दोन्ही हातांत आडव्या, जमिनीजवळ धरायच्या, म्हणजे तुमचे हात लांब होतात. चालायचं इतकं हळू की आपल्यालाच कंटाळा यावा. बदक फळीकडे वळलं की जागेवर थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं आहे. आपण मागे आलो म्हणजे दाब, थांबलो म्हणजे सुटका. योग्य दिशेला गेल्यावर सुटका मिळते हे ते फार लवकर शिकतं. ते वळल्यावरही आपण येतच राहिलो, तर त्याला कळतं की कुठेही गेलं तरी हा माणूस मागे आहेच, मग ते सैरावैरा पळतं. फळीच्या एका बाजूला भिंत असेल तर दुसऱ्या बाजूला एक जाळीची चौकट उभी करा. बदकं भिंतीला धरून चालतात. आणि रोज एकच वेळ, एकच हाक. "या या या" म्हणा, डबा वाजवा, काही चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी तेच करायचं.

बाकीची सगळी जातात आणि एकच जात नाही, किंवा काल जाणारं आज थांबलं, तर मात्र फळीकडे बघणं सोडा, बदकाकडे बघा. तळवा उलटा करून गाठ आहे का पाहा. घोटा गरम किंवा सुजलेला आहे का पाहा. मादी असेल आणि शेपटी हलवत जोर करत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं, ते त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं काम आहे. आणि तरुण बदकाचे पाय वाकडे, ते सारखं बसतंय, असं असेल तर खाद्य विचारा. नाशिक हा पोल्ट्रीचा जिल्हा, कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य कुठेही मिळतं, आणि लोक तेच बदकाच्या पिल्लांना घालतात. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, जास्त लागतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यांत ब्रॉयलरच्या पिल्लाला खाद्याच्या किलोमागे ३५ मिलिग्रॅम आहे, बदकाला ५५. ते कमी पडलं की पाय वाकतात. ब्रुअर्स यीस्टची पावडर खाद्यात मिसळून ही कमतरता भरता येते, पण लवकर. हाड वाकून पक्कं झालं की मग चढाव एकास दहा केला तरी उपयोग नाही.

(प्रश्नोत्तरे)

एक आजी: आमची वर जातात हो, पण सकाळी खाली उतरत नाहीत. दाराशी बसून ओरडतात.

— आजी, उतरताना त्यांना खालचा उतार दिसतच नाही. डोळे बाजूला, चोच समोर. तुमची फळी बहुधा उभी असेल. ती बदलेपर्यंत एक करा, सकाळी फळीच्या खालच्या टोकाला पाण्याचं घमेलं ठेवा, लांब नको, अगदी टोकाशी. आणि फळीच्या दोन्ही बाजूंना भुशाचं एक-एक पोतं टाका. उडी मारलीच तर मऊ जागी पडतील. पण फळी बदलाच.

एक तरुण: सर, माझ्याकडे लाल गाठीच्या तोंडाची मोठी बदकं आहेत. ती तर छपरावर बसतात.

— ती मस्कोव्ही. ती मॅलर्डची नाहीतच, मूळ दक्षिण अमेरिकेतली, झाडावर बसणारी जात आहे. पायांना नख्या असतात बघा. तिला फळीची अडचण नाही, अडचण आहे छपरावरून खाली आणण्याची. आपल्याकडचीही सगळी रानबदकं जमिनीवरचीच असतात असं नाही. अडई झाडावर बसते, नकटा झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. पण तीही वर उडून जातात, चालत नाहीत.

एक ताई: दिवसा बदकं नासर्डीवर सोडली तर चालतील का? संध्याकाळी आपोआप येतील?

— ताई, आपोआप येणार नाहीत, हाकून आणावी लागतील. पण मी सोडू नका म्हणेन. एक तर त्या पाण्यात काय काय येतं ते तुम्ही रोज बघता. दुसरं, देशात एच५एन१ बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्या शेजारीच, नंदुरबारच्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. बदकाच्या अंगात हा विषाणू कधी कधी काहीच लक्षण न दाखवता राहतो. रानबदकं हिवाळ्यात सगळ्या पाण्यांवर उतरतात. आपली त्यांच्यात मिसळायला नकोत. अंगणात टब ठेवा, डोकं पूर्ण बुडेल इतका खोल, आणि पाणी रोज बदला. टबातलं जुनं पाणी झाडांना घाला, फळीवर ओतू नका.